ख्रिस्ताचं वकीलपत्र

वेणीमाधवपंतांना वाईट भाषण चालायचं, वाईट गाणं चालायचं, अळणी आमटीसुद्धा ते निमूटपणे ओरपायचे. पण वाईट युक्तिवाद कानावर पडला की त्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची. सोलापूरच्या कोर्टात वकिली करून करून हा रोग त्यांच्या अंगात मुरला होता. एकदा समोरच्या वकिलाला ऐन वेळी मुद्दा आठवेना, तर ह्यांनीच मागून हळूच तो सुचवला आणि आपला दावा हरून घरी आले. तेव्हापासून गोदावरीबाई देवाजवळ एकच मागायच्या, की बाबा रे, ह्यांना थोडं कमी सुचू दे.

देवाने काही ऐकलं नाही. थोरली लेक प्रभा लग्नाची झाली, स्थळं येऊ लागली, आणि पंत पाहुण्यांशीही वाद घालू लागले. एक स्थळ पत्रिकेतल्या मंगळावरून गेलं. मंगळ प्रभेला नव्हताच, मुलाला होता, आणि मुलाचा बाप तो कबूल करत असताना पंतांनी त्यालाच सिद्ध करून दाखवलं की मंगळाने काही बिघडत नाही. तो बिचारा घाबरून उठून गेला. दुसरं स्थळ तंबाखू खावी की ओढावी एवढ्याशा गोष्टीवरून मोडलं. आता तिसरं आलं होतं, पंढरपूरच्या गोपाळशास्त्र्यांचं. घराणं देवळाच्या सेवेतलं, मुलगा शाळामास्तर, आणि मुख्य म्हणजे प्रभेने त्याला मावशीच्या घरी एकदा ओझरता पाहिला होता आणि तेव्हापासून ती उगीचच गुणगुणायची. गोदावरीबाईंनी नवऱ्याला समोर बसवून बजावलं, "हे बघा, शास्त्रीबुवा दिवसाला रात्र म्हणाले तरी तुम्ही दिवा लावायला उठायचं. कळलं?"

"कळलं," पंत म्हणाले. कळणं आणि वळणं ह्यांत कोर्ट-कचेरीएवढं अंतर असतं, हे त्या माउलीला ठाऊक होतं, पण करते काय.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. पाहुणे येतील तेव्हा प्रभेला नेसायला लुगडं आणावं म्हणून पंत नव्या पेठेत गेले, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. रेवणसिद्ध कापडवाल्याच्या दुकानासमोर एक खोकं पालथं घालून, त्यावर उभा राहून मिशनचा उपदेशक सिलास प्रवचन करत होता. काळा कोट, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, आणि चेहरा इतका गरीब की बघणाऱ्याला वाटावं, ह्याचंच काहीतरी हरवलंय. भोवती बरीच माणसं जमली होती. रेवणसिद्धाने गादीवर बसल्या बसल्या कात्री वाजवत विचारलं, "काय हो मास्तर, तुमच्या देवाला क्रुसावरून स्वतःला खाली उतरता आलं नाही. तो आम्हाला काय तारणार?"

लोक खो खो हसले. सिलासने मान खाली घातली, बराच विचार केला आणि म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. मलाबी कदी कदी ह्यो प्रश्न पडतो."

एवढं बोलून तो खोक्यावरून उतरला आणि त्याने झांजा काढून भजन सुरू केलं.

पंतांच्या मस्तकात तिडीक गेली. लुगडं राहिलं बाजूला. भजन संपेपर्यंत ते उन्हात तळमळत उभे राहिले आणि मग सिलासला बाजूला घेऊन असे तापले, असे तापले! "अहो, काय माणूस आहात का कोण आहात? इतकी मजबूत बाजू, आणि तुम्ही भर बाजारात तिची माती केलीत? जामीन राहिलेला माणूस स्वतःच पळून गेला, तर कुळाने काय करायचं? उतरता येत असून तो उतरला नाही, हीच तर तुमच्या बाजूची सगळी जान! हे साधं सुचू नये?"

सिलास तोंड उघडं टाकून बघत राहिला. "साहेब, तुमी ख्रिस्ती हाय का?"

"मी? सकाळी संध्या केल्याशिवाय पाणी पीत नाही मी!"

"मग माझी बाजू का मांडताय?"

"तुम्ही मांडत नाही म्हणून!"

मग सिलासने आपली कर्मकहाणी सांगितली. तो मूळचा मोडनिंबचा, रामहरी म्हणून गावकुसाबाहेरच्या एका माणसाचा मुलगा; बापाच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री, व्हायचं तर परीक्षा असते, आणि तिच्यात पंच बाहेरच्या लोकांचे आक्षेप एकेक करून विचारतात, त्यांना सडेतोड उत्तरं द्यायची. सिलास त्यात पुन्हा पुन्हा आपटला होता. "समोरचा माणूस इतक्या पोटतिडकीनं इचारतो, साहेब, त्याला एकदम तोंडावर न्हाय कसं म्हणायचं? माझ्या जिवावर येतं."

"उद्या सकाळी माझ्या ओटीवर या," पंत म्हणाले. ते लुगडं न घेताच घरी गेले आणि बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून नव्या पेठेमागच्या त्या गल्लीत जो काही प्रकार सुरू झाला, तो बघायला लोक दारात येऊन बसू लागले. पंत ओटीवर तक्क्याला टेकून, सिलास खालच्या पायरीवर. पंतांनी त्याच्याकडून मराठी बायबल मागून घेतलं होतं आणि खुनाच्या खटल्याचे कागद वाचावेत तसं ते वाचून काढलं होतं. "तुम्ही आक्षेप घ्यायचे," त्यांनी नियम घालून दिला, "मी उत्तरं देतो. नीट ऐका आणि शिका."

आणि काय सांगावं, आक्षेप घेण्यात सिलास वस्ताद निघाला! आयुष्यभर बाजारात उभं राहून त्याने लोकांचे टोमणे खाल्ले होते, ते सगळे त्याला तोंडपाठ होते, आणि त्यांतले पुष्कळसे पटलेलेही होते. तो असा काही कळवळून बोलायचा की पंतांना चेव यायचा.

"तुमच्या चार पुस्तकांत चार तऱ्हा लिवल्यात. एकाचं दुसऱ्याशी जुळत न्हाय."

"उत्तम!" पंत मांडीवर थाप मारायचे. "चौघा साक्षीदारांच्या जबान्या अक्षरशः जुळल्या तर कोणताही न्यायाधीश म्हणेल, पढवून आणलेत. किरकोळ फरक असणं हीच खरेपणाची खूण. पुढे?"

"ह्यो गोऱ्या सायबाचा देव हाय. आपला न्हवं."

"साहेबाचा? अहो, तो उन्हातान्हात अनवाणी हिंडणारा सुतार! भाकरी मोडून खायचा, विहिरीच्या काठावर बसायचा. त्याला लंडनात सोडला असता तर थंडीने काकडला असता. पुढे?"

फक्त देव तीन की एक, इथे मात्र गाडी अडली. पंत म्हणाले, त्यात काय अवघड आहे, मी कोर्टात वकील, घरात बाप आणि माजघरात नवरा, माणूस एकच. सिलासने जीभ चावली. "साहेब, हे न्हाय चालायचं. आमच्यात ह्याला पाखंड म्हणत्यात. परीक्षेत बोललो तर मंडळीतनंच काढतील." पंतांना इतका संताप आला की त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्या करताना आचमनाची पळी हातात धरून ते त्रैक्याचाच विचार करत बसलेले गोदावरीबाईंनी पाहिले.

"अहो, पुरे करा आता," त्या म्हणाल्या. "गल्लीत लोक काय काय बोलतात."

"बोलू देत की. मी काय बाटतोय का? वकीलपत्र घेतलंय फक्त. खुन्याचं घेतलं म्हणजे मी खुनी होतो का?"

त्या एवढंच म्हणाल्या की शास्त्रीबुवा यायच्या आधी हे खूळ बंद झालं पाहिजे, आणि पंतांनी तसं कबूल केलं. पाहुण्यांना यायला चांगला अवकाश होता.

पण गोपाळशास्त्र्यांचं एक तत्त्व होतं. कळवून गेलं की लोक घर सारवून, मुलीला तालीम देऊन ठेवतात आणि खरं काही दिसत नाही. म्हणून सोयरिकीच्या घरी आधीच जाऊन थडकायचं. त्याप्रमाणे ते आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई कुर्डुवाडीला गाडी बदलून एका सकाळी अचानक सोलापुरात उतरले आणि विचारत विचारत गल्लीत आले.

नेमकी त्याच वेळी ओटीवर रणधुमाळी चालली होती. सिलासने त्याच्या भात्यातला सगळ्यात जहरी बाण काढला होता. "तुमी म्हणता, देवापुढं सगळी माणसं सारखी. मग मिशनच्या सायबाच्या बंगल्यावर आमाला मागच्या दारानं का बोलवत्यात? त्यापरीस आपले देव काय वाईट हायत? बापजाद्यांनी पुजलेले, आपल्या मातीतले!"

पंत ताडकन उठून उभे राहिले. शेंडी सुटली होती, उपरणं घसरलं होतं, आवाज कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जात होता. "साहेब दार चुकला म्हणून देव खोटा ठरतो का हो? भेद माणसं करतात! ज्याच्यापुढे ब्राह्मण नाही, मांग नाही, साहेब नाही, ज्याने सगळ्यांना एका पंगतीला बसवलं, त्या येशूला मी का मानू नये? सांगा ना, का मानू नये?"

"अरे देवा!" यशोदाबाई पायरीशी म्हणाल्या.

गोपाळशास्त्री मात्र खमके. एका क्षणात त्यांनी सगळं ओळखलं, म्हणजे ओळखलं असं त्यांना वाटलं. ते सरळ पायरीवर गेले आणि सिलासच्या खांद्यावर हात ठेवून गहिवरून म्हणाले, "शाबास! ह्या बाटग्याच्या तोंडाला तोंड देऊन तुम्ही स्वधर्माची बाजू राखलीत. धन्य आहे तुमची! आपण कुठले?"

"मी मोडनिंबचा," सिलास उठत म्हणाला. "सिलास माझं नाव. हितल्या मिशनात उपदेशक हाय."

तव्यावर पडल्यासारखा शास्त्र्यांचा हात मागे आला. ते एकदा सिलासकडे बघत, एकदा पंतांकडे. "म्हणजे... हा ख्रिस्ती आमच्या देवांची बाजू घेतोय, आणि तुम्ही ब्राह्मण होऊन...? काय चाललंय काय ह्या घरात?"

दारामागे भांडं पडल्याचा आवाज झाला. ती प्रभा होती.

पंतांनी घसा साफ केला. "शास्त्रीबुवा, बसा. सगळं समजावून सांगतो."

आणि समजावून सांगायला गेले, हीच तर चूक झाली! त्यांनी बाजार सांगितला, परीक्षा सांगितली, वकीलपत्राचा दाखला दिला. शास्त्री म्हणाले, "मनात असल्याशिवाय इतकं तळमळून कोणी बोलत नाही." पंत म्हणाले, "बोलतो की, मी रोज बोलतो." शास्त्री म्हणाले, "मग आत्ता जे बोलताय तेही खोटंच असेल!" ह्याला काय उत्तर द्यावं? पंतांनी दिलं, आणि इतकं बिनतोड दिलं की शास्त्र्यांची खात्रीच पटली, हा गृहस्थ पार हाताबाहेर गेला. जितकं पटवून सांगावं तितके ते अधिकच ख्रिस्ती वाटू लागले. शेवटी शास्त्री म्हणाले, "जो देव सुळावर मेला, त्याच्या नादी लागलात तुम्ही!" आणि पंतांच्या तोंडून सवयीने निसटलं, "हा आक्षेप फार कच्चा आहे, बुवा."

संपलं. यशोदाबाईंनी पदर सावरला आणि त्या उठल्या. गोदावरीबाई दाराच्या चौकटीला धरून रडू लागल्या. त्यांच्या मागे प्रभा उभी होती. ती रडत नव्हती, नुसती बापाकडे बघत होती. ते बघणं पंतांना सोसेना. दोन स्थळं त्यांनी आपल्या जिभेने घालवली होती, आणि ह्या वेळी मुलीचं मनच त्यात गुंतलं होतं. बोलावं तर बिघडतंय आणि गप्प बसावं तर गुन्हा कबूल.

"शास्त्रीबुवा, जरा थांबा," सिलास म्हणाला. "वकीलसाहेब बाटलेले न्हाईत. माझ्याकडं पुरावा हाय."

सगळे त्याच्याकडे वळले. तो पायरी उतरून अंगणातल्या नळाशी गेला. तिथल्या कोनाड्यात चहाचा एक कप पालथा घातलेला होता. कान तुटलेला. तो कप घेऊन तो परत आला आणि लांबूनच शास्त्र्यांना दिसेल असा त्याने वर धरला.

"ह्यो माझा कप. ही सुट्टी लागल्यापासनं मी रोज हितं येतो. वैनीसाहेब वरनं च्या ओततात, मी पितो, नळावर इसळतो आन् परत हितं पालथा घालतो. आतल्या भांड्यात ह्यो कप कदी गेला न्हाय, आन् मीबी ह्या पायरीच्या वर कदी आलो न्हाय. आमच्या देवळात पवित्र भोजनाला एकच प्याला फिरतो. सायबाची मडम पिती त्यातनंच झाडूवाला पितो, मीबी पितो. वकीलसाहेब ख्रिस्ती झाले असते, तर आदी ह्यो कप आत गेला असता की. बघा तुमीच."

शास्त्र्यांनी पुढे वाकून त्या कपाकडे नीट बघितलं. यशोदाबाईंनी गोदावरीबाईंना विचारलं, "खरं का हो हे?"

"देवाशपथ," गोदावरीबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचा ऊर भरून आला होता. "एकदासुद्धा आत येऊ दिला नाही मी तो कप. पाणीसुद्धा वरून घालते."

शास्त्र्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग कशाला इतका वेळ घोळ घातलात, पंत! हे आधी नाही का सांगायचं? अहो, बोलायला काय, वकील माणूस, तोंडाला येईल ते बोलतो. आचार शुद्ध आहे ना, झालं तर मग! बोलवा मुलीला."

खटला जिंकला होता. पुरावा असा होता की त्याच्यावर उलटतपासणीसुद्धा होऊ शकत नव्हती.

घरात एकच धांदल उडाली. प्रभा आली, नमस्कार करून गेली, यशोदाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिथल्या तिथे सुपारी फुटली, साखर वाटली. सिलासच्या ओंजळीतही गोदावरीबाईंनी साखर टाकली, भरपूर टाकली, वरून. "तुमच्यामुळे झालं हो, मास्तर," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मग पाहुणे हातपाय धुऊन आत पानावर बसायला गेले.

पंत मागे रेंगाळले. सिलास कप कोनाड्यात ठेवून झांजांची पिशवी खांद्याला लावत होता.

"मास्तर," पंत म्हणाले. "मला लाज वाटतेय हो. फार लाज वाटतेय."

"लाज कशाची? जितलो की आपण. तुमीच शिकवलंत, पुरावा दावल्याबगर बोलायचं न्हाय म्हणून."

"आत चला. माझ्या शेजारी पान वाढायला सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

सिलासने दारातून आत पाहिलं. माजघरात प्रभा हसत होती. किती दिवसांनी त्या घरात असं मोकळं हसू ऐकू येत होतं. "मनापासनं म्हणताय, ते कळतंय मला, साहेब. पर आत्ता मी उंबरा वलांडला तर पोरीचं लगीन मोडंल. असलं जेवण माझ्या देवाला गोड लागायचं न्हाय."

"मग लग्न झाल्यावर या. नक्की या."

"लगीन झाल्यावर तिचं सासर हाईच की," सिलास म्हणाला. "मग तिचं बाळंतपण. मग तुमच्या धाकट्या मुकुंदाची मुंज." त्याच्या बोलण्यात कुचकेपणा म्हणून औषधाला नव्हता, बाजारात रेवणसिद्धाशी बोलायचा तितक्याच गरीब आवाजात तो बोलत होता. "जमंल तवा बोलवा. मी येतो."

"अहो, पानं वाढलीत!" आतून गोदावरीबाईंची हाक आली.

पंत तसेच उभे राहिले. सिलासने रामराम केला आणि तो फाटकाकडे वळला. मग पंत आत गेले आणि शास्त्र्यांच्या शेजारच्या पाटावर बसले. भाताची मूद वाढली होती, तिच्यावर तुपाची धार पडली होती.

"बाहेर कोणाशी बोलत होता इतका वेळ?" शास्त्र्यांनी चित्राहुती घालता घालता विचारलं.

समोर प्रभा वरणाची वाटी घेऊन उभी होती.

"कोणी नाही," पंत म्हणाले. आणि हे शब्द ऐकू जाणार नाहीत इतका तरी सिलास लांब गेला असू दे, अशी त्यांनी खाली मान घालून प्रार्थना केली. कोणत्या देवाची केली, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.